परसातील परळ : वर्षभराच्या छायाचित्रणाच्या नोंदी

16 फेब्रुवारी 2024, शुक्रवार

आजपासून ही वही सुरू करीत आहे. अमळनेरच्या आमच्या घरामागे सुमारे 40 फूट लांब आणि 30 फूट रुंद परस आहे. त्यात उत्तरेला एक जुना कडुनिंब, विहिरीच्या बुजलेल्या कठड्याजवळ शेवगा, न्हाणीच्या भिंतीवर चढलेली मधुमालती, एक लिंबाचे झाड आणि दोन वर्षांपूर्वीच्या बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग एवढेच आहे. पलीकडे जिभाऊंचा गोठा आहे. कॅमेरा हाती आल्यापासून मी यावलच्या अभयारण्यात गेलो, हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यातील बदके पाहिली आणि दर वेळी तांबूस धुक्यातल्या ठिपक्यांची शेकडो छायाचित्रे घेऊन परतलो. या वर्षी कुंपणाबाहेर जायचे नाही, असे ठरविले आहे. मातीचा एक परळ (पसरट, उथळ भांडे) पाण्याने भरून ठेवायचा आणि त्याच्या आसपास वर्षभरात जे येईल तेच टिपायचे, एवढीच या प्रकल्पाची व्याप्ती आहे.

आजचा दिवस मुद्दाम निवडला. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही चार दिवसांची पक्षीगणना आज सुरू झाली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑड्यूबॉन सोसायटी यांनी ती 1998 साली सुरू केली आणि 2013 पासून जगभरातील लोक तीत भाग घेतात. एका जागी किमान 15 मिनिटे थांबून दिसलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर भरायची, एवढेच काम असते. सकाळी सातच्या सुमारास अर्धा तास ओटीवर बसलो. चिमण्या, होले, साळुंक्या, लालबुड्या बुलबुल, सातभाई, शिंजीर, कावळे, कोतवाल आणि विटांच्या ढिगावर शेपटी थरथरवत बसलेला एक कृष्ण थिरथिरा, अशा नऊ जाती झाल्या. थिरथिऱ्याचे छायाचित्र हलले. हा पाहुणा उन्हाळा लागला की उत्तरेकडे जातो, त्यामुळे त्याचे बरे छायाचित्र बहुधा पुढच्या हिवाळ्यातच मिळेल. तोपर्यंत विटांचा ढीग हलवायचा नाही, असे आईला सांगून ठेवले आहे. विटा विकून टाकाव्यात, असे तिचे मत आहे.

3 मार्च, रविवार

परळाची जागा आज तिसऱ्यांदा बदलली आणि यापुढे बदलावी लागणार नाही, असे वाटते.

पहिल्यांदा तो सरळ जमिनीवर, गोठ्याच्या भिंतीला लागून ठेवला होता. पक्षी आले, परंतु प्रत्येक छायाचित्रात सिमेंटचा गिलावा, त्यावरची ओल आणि जिभाऊंनी थापलेल्या गोवऱ्या पक्ष्याइतक्याच ठळक दिसत होत्या. शिवाय मी ओटीवरून, म्हणजे वरून खाली टिपत असल्यामुळे चित्रात पक्ष्याच्या पाठीखेरीज काही येत नव्हते. दुसऱ्यांदा तो शेवग्याखाली ठेवला, तर पानांतून गळणाऱ्या उन्हाचे कवडसे पक्ष्याच्या अंगावर पडून निम्मा पक्षी पांढरा आणि निम्मा काळा येऊ लागला.

आता परळ तीन फूट उंचीच्या दगडी रोवणीवर, उघड्यावर ठेवला आहे. न्हाणीच्या खिडकीपासून तो बरोबर तीन मीटरवर येतो आणि त्याच्या मागे आठ मीटरपर्यंत काहीही नाही. त्यानंतर कडुनिंबाचा हिरवा पसारा लागतो. खिडकीला जुने गोणपाट लावून त्यातून लेन्सचे तोंड बाहेर काढले की उत्तम लपण तयार होते. खिडकीची उंची आणि परळाची उंची जवळपास सारखी असल्याने पक्ष्याचा डोळा आणि माझा डोळा एका पातळीत येतो. पक्षी जवळ आणि पार्श्वभूमी दूर असली की साध्या लेन्सनेही मागचा भाग साईसारखा मऊ होतो, हे पुस्तकी वाक्य मी अनेकदा वाचले होते. ते पटायला गोवऱ्या लागल्या.

माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि 70-300 मिलीमीटरची लेन्स आहे. 300 मिलीमीटर, एफ 5.6 (लेन्सच्या छिद्राचे माप) आणि तीन मीटर अंतर असे गणित मांडले तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम दोन सेंटिमीटर भरते. बुलबुल सुमारे 20 सेंटिमीटर लांब असतो. तो माझ्याकडे तोंड करून बसला, तर डोळा स्पष्ट असताना शेपटी पुसट होणारच. तो आडवा बसला तरच सगळा हाती लागतो. म्हणून परळाच्या डावीकडे बोरीची एक वाळलेली फांदी खिडकीला समांतर रोवली आहे. पक्षी सहसा थेट पाण्यावर उतरत नाही; आधी जवळच्या फांदीवर बसून चारही बाजूंना नजर टाकतो. खरे छायाचित्र त्या दहा-पंधरा सेकंदांत मिळते.

न्हाणी सकाळी साडेसहा ते साडेसात माझ्या ताब्यात असते. घरातील इतरांनी आंघोळीच्या वेळा बदलून घेतल्या आहेत, पण नाराजी लपलेली नाही.

20 मार्च, बुधवार

आज जागतिक चिमणी दिवस. मूळचे नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने तो 2010 पासून पाळला जातो. गावातील धाब्याची घरे पाडून स्लॅबची घरे झाली, तशा छताच्या सागवानी सरांमधल्या (तुळयांमधल्या) खोबण्या गेल्या आणि चिमण्यांची घरटी बांधण्याची ठिकाणेही गेली. आमच्याकडे त्या टिकल्या आहेत, त्या जिभाऊंच्या गोठ्यामुळे. आज परळावर एका वेळी 14 चिमण्या मोजल्या. एका नराने चोचीत हिरवी अळी धरली होती. एरवी दाणे टिपणाऱ्या चिमण्या पिलांना मात्र किडे-अळ्या भरवतात, हे सांगणारे ते छायाचित्र स्वच्छ आले. शटरचा वेग सेकंदाच्या 1/1000 आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, 400.

31 मार्च, रविवार

शिंजीराचा नर आज पहिल्यांदा हवा तसा मिळाला. गेला महिनाभर तो शेवग्याच्या फुलांवर येत होता आणि प्रत्येक छायाचित्रात कोळशाच्या तुकड्यासारखा दिसत होता. त्याचा जांभळा-निळा रंग पिसांतील रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश परावर्तित होऊन उमटतो; त्यामुळे प्रकाशाचा कोन चुकला की रंग नाहीसा होतो. मी सावलीच्या बाजूने टिपत होतो. आज सूर्य पाठीशी येईल अशा रीतीने शेवग्याच्या पूर्वेला उभा राहिलो. पक्ष्याने मान वळविली तशी त्याच्या गळ्यावरून हिरवी, मग निळी, मग जांभळी झाक सरकत गेली. सात छायाचित्रांपैकी एकात तिन्ही आल्या.

कुंपणापलीकडून जिभाऊ बराच वेळ पाहत होते. “काया चिडीना फोटू काढीसन काय करशी भो?” असे त्यांनी विचारले. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर छायाचित्र मोठे करून दाखविले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते पाहिले, शेवग्यावरच्या पक्ष्याकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले आणि “हाई ते नही,” एवढेच बोलून ते गुरांना पाणी पाजायला गेले.

मादीने मधुमालतीवर घरटे बांधले आहे आणि ती अंडी उबवीत आहे. कोळ्याच्या जाळ्याचे तंतू, सालीचे तुकडे आणि वाळलेल्या पानांचा चुरा यांची ती लोंबती पिशवी दुरून एखादा अडकलेला कचरा वाटते. दाराच्या वर छोटीशी पडवी काढलेली आहे. बांधकाम आणि अंडी उबविणे ही दोन्ही कामे मादी एकटीच करते; नर पुढे पिलांना भरविण्याच्या वेळी हातभार लावतो.

14 एप्रिल, रविवार

ही नोंद लिहिणे टाळावेसे वाटत होते.

घरट्यातून गेल्या चार-पाच दिवसांपासून पिलांचा आवाज येत होता. न्हाणीच्या दारातून घरट्याचे तोंड दिसत होते, परंतु मधुमालतीची दोन पाने आणि एक कोवळा वेल नेमका मध्ये येत होता. शुक्रवारी सकाळी मी तो वेल दोऱ्याने मागे बांधला. काही तोडले नाही, म्हणून काही बिघडणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या एका तासात मादीची आत-बाहेर करतानाची, चोचीत कोळी धरलेली, पिलांच्या केशरी चोचींपुढे पंख फडफडवीत तरंगणारी अशी 60 छायाचित्रे मिळाली. इतकी चांगली छायाचित्रे मी आजवर घेतलेली नव्हती. शाळेची वेळ झाली, तशी मी निघालो आणि दोरा सोडायचे विसरलो.

शनिवारी सकाळी पिशवी खालून फाटलेली होती. ओट्यावर वाळलेल्या पानांचा चुरा आणि म्हातारीच्या कापसासारखे थोडे अस्तर पडले होते. पिले नव्हती. दिवसभर मादी चोचीत काहीतरी घेऊन येत होती आणि घरट्याच्या जागेजवळ अधांतरी थांबून परत जात होती.

कावळ्याने नेली की भारद्वाजाने, हे मी पाहिले नाही. झाकलेले घरटेही कावळ्याला सापडू शकते, हे मला ठाऊक आहे आणि दोऱ्याचाच दोष होता, असे सिद्ध करता येणार नाही. तथापि त्या दोन पानांचा आडोसा मी काढला होता, दुपारचे ऊनही त्यामुळे थेट आत जात होते आणि माझ्या तासभराच्या वावराने ती जागा उघडी पडली होती. अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्याची छायाचित्रे स्वीकारीत नाहीत. तो नियम मला आजवर फाजील सोवळेपणा वाटत असे.

ती 60 छायाचित्रे पुसलेली नाहीत. वेगळ्या कप्प्यात ठेवली आहेत आणि प्रकल्पाच्या निवडीत ती येणार नाहीत. यापुढे घरटे सापडले, तर त्या दिशेला लेन्स वळवायची नाही. परळावर, फांदीवर, वाटेत पक्षी दिसेल तेवढाच आपला.

28 एप्रिल, रविवार

गेले तीन आठवडे लेन्स बिघडल्याचा संशय होता. दुपारच्या सुट्टीत गच्चीवरून परळावर टिपलेली एकही चौकट धारदार येत नव्हती. पिसांच्या कडा ओल्या कागदावरील शाईसारख्या फुटत होत्या. जळगावच्या एका दुरुस्तीच्या दुकानात लेन्स दाखविली. दुकानदाराने ती कानाशी हलवून पाहिली, आतील काचा सरकल्याचे निदान केले आणि जो खर्च सांगितला, त्यात मला दुसरी जुनी लेन्स घेता आली असती. तूर्त विचार करतो, असे सांगून परत आलो.

आज घरीच परीक्षा घेतली. वर्तमानपत्राचे एक पान गोठ्याच्या भिंतीवर डकवले, गच्चीवर तिपाईवर कॅमेरा बसविला, फोकस हाताने लावून तो चिकटपट्टीने पक्का केला आणि सकाळी सात वाजता व दुपारी एक वाजता त्याच जागेवरून दहा-दहा छायाचित्रे घेतली. सकाळच्या दहाही छायाचित्रांत बातमीतील बारीक अक्षर वाचता येत होते. दुपारच्या दहांपैकी एकही दुसऱ्यासारखे नव्हते. एकात ओळीची डावी बाजू वाचता येत होती, तर दुसऱ्यात उजवी, आणि मधले शब्द पाण्यात पडल्यासारखे वाकले होते.

लेन्स निर्दोष आहे. गच्ची आणि परळ यांच्या मध्ये न्हाणीवरचे पत्रे येतात. दुपारी ते इतके तापतात की त्यांच्यावरची गरम, विरळ हवा सतत वर चढत राहते आणि तिच्यातून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला निराळा वाकतो. डांबरी रस्त्यावर उन्हाळ्यात जे पाणी दिसते, त्याच घराण्यातील हा प्रकार आहे. महागडी लेन्स घेतली असती, तरी तिने हीच थरथर अधिक मोठी करून दाखविली असती. उपाय दोनच आहेत: मधले अंतर कमी ठेवणे आणि साडेआठच्या आत काम संपविणे. यावल आणि हतनूरची ती तांबूस छायाचित्रेही आज पुन्हा उघडून पाहिली. त्यांतील निम्मी दुपारची आहेत.

10 मे, शुक्रवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. बहीण मुलांसह माहेरी आली आहे. कडुनिंबाला झोका बांधायचा होता आणि तिपाई नेमकी त्या फांदीखाली होती. “झोका बांधाना शे, तुनं मशीन तठून काढ,” असे आईने फर्मावल्यावर सगळा पसारा आवरून घेतला. दिवसभर परसात गाणी, पोरे आणि झोक्याचा करकर आवाज होता. एकही पक्षी परळावर आला नाही, असे लिहिणार होतो. परंतु सगळी आत जेवायला बसली असताना एक बुलबुल झोक्याच्या दोरावर येऊन बसला. कॅमेरा कपाटात होता.

26 मे, रविवार

कालपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातील सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागला आहे. ओटीवरच्या तापमापकाने दुपारी 45 अंश दाखविले. परळात दिवसाला चार लिटर पाणी लागते. निम्मे पक्षी पितात आणि उडवतात, निम्मे ऊन पिते.

या महिन्यात परळावर 17 जातींचे पक्षी नोंदविले गेले. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून, भराभर धापा टाकून ते अंगातील उष्णता बाहेर टाकतात. सकाळी आठलाच कावळा, साळुंकी आणि भांगपाडी मैना अशा तिघांची आ वासलेली चोच एकाच चौकटीत मिळाली. वेडे राघू पाणी पिण्यापेक्षा त्यात अंग बुचकळण्यासाठी येतात. फांदीवरून सूर मारायचा, पाण्याला छाती लावायची आणि परत फांदीवर जायचे, हा खेळ सेकंदाच्या 1/2500 वेगातही एकदाच धरता आला. त्यात पक्षी चौकटीच्या कोपऱ्यात आहे आणि मध्यभागी केवळ पाण्याचे उडालेले थेंब आहेत, पण मला तेच आवडले.

मधमाश्यांचा प्रश्न मात्र निराळाच निघाला. रोज सकाळी परळात आठ-दहा फुलोरी माश्या बुडून मेलेल्या असत. पोळ्यात पाणी नेऊन पसरायचे, त्यावर पंखांनी वारा घालायचा आणि पिलावा (पोळ्यातील अंडी-अळ्या) गार राखायचा, हे काम उन्हाळ्यात माश्या दिवसभर करतात. उघड्या पाण्याची गुळगुळीत कड मात्र त्यांना पाय रोवू देत नाही. बोरी नदीच्या पात्रातून ओंजळभर खडे आणून परळाच्या अर्ध्या भागात असे रचले की त्यांचे माथे पाण्याबाहेर राहतील. दुसऱ्या दिवसापासून माश्या खड्यांच्या ओल्या अंगावरून पाणी शोषू लागल्या आणि बुडणे जवळजवळ थांबले. खड्यांमुळे परळ घासणे जिकिरीचे झाले आहे. पाणी रोज पूर्ण बदलावेच लागते. आठवडाभर तसेच राहिले, तर त्यात डासांची एक पिढी तयार होईल.

13 जून, गुरुवार

काल संध्याकाळी पहिला दमदार पाऊस झाला आणि आज पहाटे विटांच्या ढिगाजवळ मृगाचे किडे निघाले. लहानपणी आम्ही ते काडेपेटीत ठेवीत असू. आठ पाय असल्याने तो वास्तविक किडा नव्हे, तर कोळ्यांच्या जवळचा जीव आहे. वर्षभर जमिनीत राहून तो पहिल्या पावसानंतर काही दिवसच वर येतो.

बारीक जीव मोठा दिसावा म्हणून जुनी 50 मिलीमीटरची लेन्स उलटी बसवून, मातीत पालथे पडून सुमारे तासभर काम केले. पहिली 30 छायाचित्रे वाया गेली. मखमलीचा पोत डोळ्यांना स्पष्ट दिसत होता, पण चित्रात केवळ लाल रंगाचा सपाट डाग येत होता. कॅमेऱ्याचा आलेख (हिस्टोग्राम) एकंदर प्रकाश ठीक असल्याचे सांगत होता. लाल रंगाचा स्वतंत्र आलेख उघडला, तेव्हा तो उजव्या भिंतीला टेकून तुटलेला दिसला, म्हणजे लाल रंग प्रमाणाबाहेर उजळला होता. एक्स्पोजर एक थांबा (स्टॉप) कमी, म्हणजे प्रकाश निम्मा केल्याबरोबर केसन् केस उमटला. अंगावर मातीचा एक कण होता आणि पुढचे दोन पाय त्याने चाचपडत उचललेले होते. असे दुसरे छायाचित्र यंदा मिळणार नाही.

आईने धुतलेल्या सदऱ्यावरचा चिखल पाहिला. काही बोलली नाही.

30 जून, रविवार

शिंपी पक्ष्याची जोडी जिभाऊंच्या घरातून कापूस पळवीत आहे. भाव वाढेल या आशेने त्यांनी गेल्या हंगामातील कापूस अजून मधल्या खोलीत भरून ठेवला आहे आणि खिडकीच्या गजांत अडकलेल्या सरकीसकट बोंडावर या पक्ष्यांची नजर गेली आहे. “भाव नही भेटना, पन गिऱ्हाईक भेटनं,” असे जिभाऊ म्हणाले.

घरटे कोठे आहे, हे दिशेवरून कळते; तिकडे गेलो नाही. गेल्या वर्षी लिंबावरून गळून पडलेले शिंप्याचे रिकामे घरटे मात्र कपाटात होते, ते भिंगाखाली पाहिले. पानांच्या कडांना टोचलेली 19 भोके मोजली. आपण समजतो तशी सलग शिवण त्यात नाही. प्रत्येक टाका स्वतंत्र असतो. भोकातून ओढलेला कापसाचा धागा पलीकडे पिंजारून फुलतो आणि त्या फुगीर टोकामुळे अडकून राहतो. आज चोचीत कापसाचा पुंजका घेऊन फांदीवर क्षणभर थांबलेली मादी टिपता आली. पुंजका तिच्या डोक्याहून मोठा आहे आणि पांढरा असल्याने थोडा जास्तच उजळला आहे.

28 जुलै, रविवार

परळ ओस आहे. सगळीकडे पाणी असताना माझ्या पाण्याची कोणाला गरज नाही, हे मार्चमध्येच लक्षात यायला हवे होते. म्हणून या महिन्यात लिंबाच्या झाडाकडे वळलो.

पानांवर पक्ष्यांची शिट पडली आहे, असे समजून मी चार दिवस ज्याकडे दुर्लक्ष केले, त्या लिंबावरच्या फुलपाखराच्या लहान अळ्या निघाल्या. तपकिरी अंगावर पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी; शिटेचे हे सोंग कोणता पक्षी खाईल? वाढत गेल्यावर शेवटची कात टाकून अळी हिरवीगार होते. अशा एका अळीला गवताच्या काडीने हलकेच स्पर्श केला, तेव्हा तिच्या डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगे फुगून बाहेर आली आणि कुजक्या लिंबासारखा उग्र वास नाकात शिरला. तीन सेकंदांत शिंगे पुन्हा आत गेली. बटर पेपरमधून गाळलेल्या फ्लॅशच्या प्रकाशात ती दोनदा मिळाली. तिसऱ्यांदा अळीला त्रास दिला नाही.

18 तारखेला एका अळीने देठाला रेशमाचा कमरपट्टा बांधून कोष केला. काल, म्हणजे नवव्या दिवशी, सकाळी साडेसहाला कोषाची साल आतून काळपट झालेली होती आणि पंखांवरचे पिवळे ठिपके बाहेरून दिसत होते. शाळेला अर्धी रजा टाकली. सव्वासातला साल फाटली. दहा मिनिटांत चुरगळलेले पंख इस्त्री केल्यासारखे सरळ झाले. मात्र त्या दहा मिनिटांपैकी चार मिनिटे माझ्या कार्डात जागा नव्हती.

8 सप्टेंबर, रविवार

सातभाईंच्या टोळीत दोन आठवड्यांपासून एक परके पिलू आहे. आवाज सातभाईंचा नाही, डोक्यावर तुरा आहे आणि पंखावर पांढरा पट्टा आहे. ते चातकाचे पिलू आहे. पावसाबरोबर येणारा चातक आपली निळी अंडी सातभाईंच्या तशाच निळ्या अंड्यांत घालून मोकळा होतो. पावश्याही हेच करतो.

सकाळी सात ते आठ या तासात या पिलाला 23 वेळा भरविले गेले. एकटी आई भरवीत नव्हती. टोळीतील किमान चार पक्षी आळीपाळीने येत होते. पिलू कडुनिंबाच्या आतल्या फांदीवर होते. प्रकाश अगदी कमी असल्याने आयएसओ 3200 आणि शटर 1/250 असे करावे लागले आणि निम्म्या चौकटी हलल्या. जी एक चौकट टिकली, तिच्यात सातभाईचे डोके पिलाच्या उघड्या चोचीत डोळ्यांपर्यंत गेले आहे. समोर आडवी आलेली डहाळी चित्राच्या उजव्या तृतीयांशात पुसट दिसते. एप्रिलमध्ये मी ती बांधून ठेवली असती.

20 ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या साफसफाईत विटांचा विषय पुन्हा निघाला. भंगारवाल्याशी बोलणे झाले होते, भावही ठरला होता. आणखी आठ दिवसांची मुदत मागून घेतली होती, ती आज संपत होती.

सकाळी 6 वाजून 50 मिनिटांनी थिरथिरा आला. फेब्रुवारीतलाच हा पक्षी आहे, असे म्हणण्याला पायात खूण असल्याखेरीज आधार नाही. परंतु तो ढिगाच्या त्याच वायव्य कोपऱ्यावर, त्याच मोडक्या विटेवर बसला आणि शेपटी थरथरवून खाली उतरला, तेव्हा माझ्या मनात शंका नव्हती. काळी छाती आणि तांबूस पोट एकाच चौकटीत सांभाळण्यासाठी एक्स्पोजर पाऊण थांबा कमी ठेवले. डोळ्यात आकाशाचा ठिपका आला आहे. आईला खिडकीतून दाखविला. “हाऊच का तो?” असे विचारून तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिले. भंगारवाल्याला मीच फोन करून नको म्हणून सांगितले. आईने हरकत घेतली नाही, फक्त ढीग नीट रचून ठेवायला सांगितले. रचला तर कोपरा बदलेल, म्हणून तो तसाच आहे.

10 नोव्हेंबर, रविवार

वन्यजीवलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून, म्हणजे 5 तारखेपासून, पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे 12 तारखेपर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. त्यानिमित्त शाळेच्या व्हरांड्यात या वर्षातील 12 छायाचित्रे लावली. एकूण 6,400 चौकटींमधून निवड करताना तीन रात्री गेल्या. चातकाचे पिलू घेतले, मृगाचा किडा घेतला, पाण्याच्या थेंबांचे ते रिकामे चित्रही हट्टाने घेतले. बहुतेक मुले त्यासमोरून न थांबता पुढे गेली.

जिभाऊ शिंजीराची प्रत मागायला आले. त्यांच्या ओसरीत ती देवाच्या तसबिरीशेजारी लागली आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी गोठ्याच्या पलीकडच्या अंगाला, बांधलेल्या गुरांपासून दूर, स्वतःचा परळ ठेवला. तेव्हापासून आमच्याकडचे सातभाई सकाळी सातपर्यंत तिकडेच असतात आणि माझी न्हाणीतली पहिली वीस मिनिटे रिकामी जातात. तिकडे मागे तुरीचे हिरवे शेत आहे, गोवऱ्या नाहीत आणि ऊनही डाव्या बाजूने येते. उद्या शाळेत जाण्यापूर्वी त्यांच्या गव्हाणीमागे तिपाई उभी राहते का, ते पाहून यायचे आहे.